टेलची पाळी

कोपरगाव तालुक्यात शेतीची ओळख पाण्यावरून ठरते. डावा कालवा की उजवा, चारी कितवी, आणि शेत चारीच्या मुखाला की टेलला, एवढं कळलं की समोरच्याची निम्मी कहाणी कळते. नाशिक जिल्ह्यातल्या दारणा, गंगापूर धरणांतलं पाणी निफाड तालुक्यातल्या नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यावर येतं आणि तिथून गोदावरीचे दोन कालवे फुटतात. इंग्रजांच्या काळात खोदलेल्या या कालव्यांना शंभर वर्षं होऊन गेली. कालवा सल्लागार समितीची बैठक होते, आवर्तनाची तारीख ठरते, आणि पाणी सुटलं की रात्रीसुद्धा शिवार जागं राहतं. मुखाकडच्यांची भरणी आधी होते. टेलपर्यंत पाणी सरकेस्तोवर कित्येकदा वरूनच आवर्तन बंद झालेलं असतं. म्हणून तर पाटबंधारे खात्यानं ‘टेल टू हेड’चा नियम केला. आधी शेवटच्या शेताला पाणी, मग मागं सरकत मुखाला. नियम चांगला आहे. पाळायला मात्र रात्रभर जागणारा माणूस लागतो.

मंगलची अडीच एकर जमीन डाव्या कालव्याच्या एका चारीच्या अगदी टेलला होती. नवरा साखर कारखान्यात फिटर. २०१४ साली ऐन गळीत हंगामात त्याच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. मंगल तेव्हा चाळीस वर्षांची. घरात चौदा वर्षांची मुलगी आणि सासू, जिला ती आत्याबाई म्हणायची. दीर वेगळा राहत होता, पण बांधाला बांध लागून. दिवस घातल्यावर मंगलनं खोरं हातात घेतलं, ते पुन्हा खाली ठेवलं नाही. कारखान्याच्या नोकरीमुळे ईपीएस-९५ ची थोडी विधवा पेन्शन येई, बाकी सगळं कांदा, गहू आणि सोयाबीनवर.

टेलला पाणी येत नव्हतं. पाणी मागणीचा नमुना नंबर ७ ती दर हंगामात भरायची, पाणीपट्टी चुकती करायची, आणि चारीच्या कोरड्या तळाकडं बघत राहायची. २०१७ च्या रब्बीत भास्कर नावाचे नवे कालवा निरीक्षक बदलून आल्याचं कळलं, तशी ती शाखा कार्यालयात जाऊन उभी राहिली.

“साहेब, पाणीपट्टी मी मुखाकडच्यांइतकीच भरते. पाणी मात्र मला नुसतं बघायलाही मिळत नाही. एकदा येऊन चारी तरी बघा.”

भास्कर त्याच रात्री आले. मुखापासून चालत निघाले. वाटेतली उघडी दारं बंद केली, चारीत टाकलेले सायफनचे पाइप काढून बांधावर ठेवले, दोन-तीन ठिकाणी लोकांची बोलणी खाल्ली. पहाटे तीनच्या सुमारास मंगलच्या शेतात पाणी आलं. डिसेंबरची थंडी, कांद्याची नुकतीच झालेली लागण. तिनं लुगड्याचा ओचा खोचला आणि दारं धरायला सुरुवात केली. एक वाफा भरला की मातीचं तोंड मोडायचं, पुढच्याचं उघडायचं. अंधारात पाणी कुठवर गेलं ते दिसत नव्हतं. ती वाकून हातानं चाचपत होती.

“उजेड दाखवू का?” भास्कर बांधावरून म्हणाले.

तिनं मान हलवली. मग उजाडेपर्यंत ते बॅटरी धरून तिच्या पुढं पुढं चालत राहिले. पाण्याची जीभ वाफ्याच्या टोकाला पोचली की उजेड तिथं थांबायचा, तिनं खोरं मारलं की पुढच्या वाफ्यावर सरकायचा. दोघांत आणखी एक शब्द झाला नाही. सकाळी तिनं घरून चहा आणला, त्यांनी उभ्या-उभ्याच घेतला आणि सायकलीवर टांग मारून गेले.

पुढं हंगामामागून हंगाम गेले. आवर्तन आलं की चारीवर भेट व्हायची. भास्करांची पत्नी डायलिसिसवर होती, नाशिकच्या खेपा करता करता २०१६ मध्ये गेली. जुन्या क्वार्टरमध्ये जीव रमेना म्हणून त्यांनी इकडं बदली मागून घेतली होती. मुलगा पुण्यात नोकरीला. हे सगळं मंगलला एका दिवसात कळलं नाही. एका पाळीला थोडं, दुसऱ्या पाळीला थोडं. तीही आपल्या नवऱ्याबद्दल बोलायची. तो मशीनचा आवाज ऐकून बिघाड कुठं आहे ते सांगायचा, भाकरीबरोबर कच्चा कांदा बुक्कीनंच फोडायचा. भास्कर मनापासून ऐकायचे. गेलेल्या माणसाबद्दल बोलताना समोरचा अवघडत नाही, हे तिला पहिल्यांदाच अनुभवायला मिळत होतं. बाकीचे लोक विषय तरी बदलत, नाहीतर डोळे पुसायला लागत.

एकदा नमुना नंबर ७ वर सही करताना तिनं कागद हात लांब करून धरला, तरी अक्षर लागेना. भास्करांनी आपली चाळिशी काढून पुढं केली. ती डोळ्यांवर चढवून तिनं पहिल्यांदाच तो अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला. दोघांचा नंबर एकच निघाला. त्यानंतर कागद कुठलाही असो, सोसायटीची नोटीस असो की बियाण्याच्या पिशवीवरचं बारीक छापलेलं, चष्मा इकडून तिकडं जायचा. आधी वाचायचं कुणी, एवढाच प्रश्न उरायचा.

२०२० च्या दिवाळीनंतरच्या पाळीला भास्करांनी विषय काढला. आडपडदा ठेवला नाही.

“वहिनी, माझ्या बोलण्याचा राग आला तर तोंडावर सांगा. मी पुन्हा हा विषय काढणार नाही, आणि तुमचं पाणीही कधी अडणार नाही, हे आधी सांगतो. उरलेलं आयुष्य तुमच्यासोबत काढावं असं वाटतं. लग्न करून, चारचौघांत.”

पाण्याची चावी ज्याच्या हातात आहे त्यानं पाण्याचं वचन आधी दिलं आणि मग मनातलं सांगितलं. मंगलला त्यातलं सगळ्यात जास्त हेच भावलं. मात्र त्या दिवशी ती काही बोलली नाही. चार दिवसांनी म्हणाली, “पोरीचं लग्न होऊ द्या. आईनं दुसरं घर केलं म्हणून तिचं अडायला नको.”

भास्कर थांबले. २०२१ मध्ये मुलीचं लग्न झालं.

२०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही, जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य शासनानं परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. मंगलच्या गावातही ग्रामसभेत ते वाचून दाखवलं गेलं, हात वर झाले, टाळ्या वाजल्या. पुढच्या संक्रांतीला वाडीत घरोघरी हळदी-कुंकू झालं. मंगलला कुणी बोलावलं नाही. तिला लोकांचं फारसं वाईट वाटलं नाही, कारण तीही कुणाच्या दारात गेली नव्हती. ठरावानं जे मोकळं केलं होतं, ते तिनं आपल्या मनात अजून बांधून ठेवलेलं होतं.

मग मुलीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी. “तेवढं होऊ द्या,” मंगल म्हणाली. २०२३ मध्ये नात झाली, तिची घुगरी वाटून झाली. भास्करांनी पुन्हा विचारलं, तेव्हा ती म्हणाली, “आत्याबाई आहेत तोवर नको. घरात त्यांचा आधार मीच. म्हातारपणी त्यांना हे बघायला लावणं बरं नाही.”

भास्कर आयुष्यभर सरकारी नोकरी केलेला, जपून बोलणारा माणूस. पण त्या दिवशी ते म्हणाले, “तुम्ही स्वतःला टेलला ठेवलंय. मुलगी, नात, आत्याबाई, सगळ्यांची भरणी झाली की मग तुमची पाळी. आवर्तन तोवर चालू राहील, हे कुणी सांगितलं तुम्हाला? टेलला आधी पाणी द्यायचं, हा नियम आम्ही का केला? शेवटचं शेत शेवटी भिजवायला गेलं की ते भिजतच नाही, म्हणून.”

तिला ते पटलं. पण पटणं आणि पाऊल उचलणं यांच्यामध्ये बरंच रान असतं.

नोव्हेंबरमध्ये ती नेहमीप्रमाणे पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला सेतू केंद्रात गेली. मशीनवर अंगठा ठेवला. तिथला मुलगा स्क्रीनवरचे प्रश्न भराभर वाचत होता. “काकू, पुनर्विवाह? ... नाहीच.” त्यानं स्वतःच बटण दाबलं. मान वर करून तिच्याकडं बघायचीही त्याला गरज वाटली नाही. गेली नऊ वर्षं हा प्रश्न तिला विचारला जात होता, आणि दर वर्षी उत्तर दुसऱ्यानंच दिलेलं होतं. घरी येताना एसटीत तिला ते पहिल्यांदा खटकलं.

२०२४ उजाडलं. भास्करांच्या वडिलांनी शाळेत नाव घालताना आपल्याकडच्या असंख्य बापांसारखी जन्मतारीख १ जून लावून दिली होती, त्यामुळे ३१ मेला ते अठ्ठावन्न पूर्ण करून निवृत्त होणार होते. मार्चमधल्या पाळीला त्यांनी एवढंच सांगितलं, “जूनपासून या चारीवर दुसरा माणूस येईल. मी पुण्याला मुलाकडं जाईन. तुमची चारी टेलपर्यंत साफ करून घेतलीय.”

त्या रात्री मंगल जेवली नाही. सासू खाटेवर बसून सुपारी कातरत होती. अडकित्ता थांबला.

“पाटकरी जाणार म्हनं,” म्हातारी म्हणाली.

मंगल दचकली. “तुम्हाला कुणी सांगितलं?”

“मला काय कुणी सांगाया पायजे? आवर्तन नसलं तरी तुपलं ध्यान पाटाकडं. पाळी असली की दोन भाकरी जादा. मी म्हातारी हाय, आंधळी न्हाई. सहा साल झाली बघतीया.”

मंगलनं पदर तोंडाला लावला. बऱ्याच वेळानं म्हणाली, “आत्याबाई, तुम्ही असेपर्यंत मी तसलं काही करणार नाही. तुम्हाला दुखवायचं नाही मला.”

“म्हंजी मी मेल्यावर करशील?”

मंगलला उत्तर सुचलं नाही.

“बोल की. मी मेल्यावर करशील ना? मंग रोज सकाळी उठून काय बघशील तू? म्हातारी अजून हाय का गेली? आन् मी देवाला काय मागू? लवकर ने, सुनंला मोकळी कर? अगं, पोरगा गेला मपला, तरी मी तुझ्याकडं बघून जगले. आता मलाच तुझ्या वाटंतला धोंडा करतीस व्हय? मला न दुखवता माझ्या मरणाची वाट बघायची, ह्याला काय माया म्हनत्यात?”

एवढं बोलून म्हातारीनं सुपारी तोंडात टाकली. मंगल तिच्या पायाशी बसली. दोघी खूप वेळ रडल्या. म्हातारीचे डोळे आधी कोरडे झाले आणि तिनं एक जुनी गोष्ट सांगितली.

तिची थोरली बहीण विसाव्या वर्षी रंडकी झाली होती. त्या काळी विधवेचं लग्न लागत नसे, पाट लागायचा. तोही रात्रीचा. गावाबाहेर, वस्तीच्या मागं, दिव्याशिवाय. एकाही सवाष्णीनं तोंड बघायचं नाही. “चोरी करून आणल्यावानी आणली गं तिला,” म्हातारी म्हणाली. “जलमभर चांगला संसार केला, चार पोरं झाली, पर मनातला तो अंधार काय गेला न्हाई तिच्या. हळदी-कुंकवाला गेली की कोपऱ्यात बसायची. तुपलं मातुर दिवसा लागंल. लख्ख उन्हात. आन् पयल्या अक्षता मी टाकीन, रंडकी असले तरी.”

मंगलनं दुसऱ्या दिवशी चारीवर जाऊन भास्करांना गाठलं. आजवर त्यांनी विचारलं होतं, तिनं पुढं ढकललं होतं. “आता मी विचारते,” ती म्हणाली. “पुण्याला न जाता इथं राहाल का? माझ्याबरोबर, आत्याबाईंबरोबर?”

भास्करांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “राहीन,” म्हणाले.

घरातला होकार सोपा होता, बाहेरचा नव्हता. पहिला आला तो दीर. “वहिनी, लग्न केलंत की सातबाऱ्यावरचं नाव जाईल. भावाची जमीन परक्याच्या घरात जाऊ देणार नाही मी.” मंगल कागदावर ठाम उभी राहणारी बाई होती. ती कोपरगावला कोर्टाजवळच्या वकिलांकडं गेली. वकिलांनी सांगितलं ते असं. १८५६ च्या कायद्यानं विधवेला पुनर्विवाहाची परवानगी दिली, पण लग्न करताच पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीवरचा तिचा हक्क काढून घेतला होता. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं ते चित्र बदललं. नवऱ्याच्या पश्चात वारसानं तिच्याकडं आलेला हिस्सा ही तिची पूर्ण मालकी. नंतर लग्न केल्यानं ती जात नाही. तो जुना १८५६ चा कायदा तर १९८३ मध्ये रद्दच झाला. “जमिनीची काळजी करू नका,” वकील म्हणाले, “पेन्शन मात्र जाईल. ईपीएसची विधवा पेन्शन पुनर्विवाहापर्यंतच असते.”

“जाऊ द्या,” मंगल म्हणाली. “ती पेन्शन त्यांच्या कष्टाची होती. माझी पोर त्या पैशानं शिकली. आता नियमानं जात असेल तर जाऊ द्या.”

सातबाऱ्यावर मंगलबरोबर मुलीचं आणि सासूचंही नाव होतं. मंगलनं दिराला घरी बोलावलं आणि आपल्या हिश्शाचं मृत्युपत्र मुलीच्या नावानं करून ठेवते, असं त्याच्यासमोर सांगितलं. त्याची निम्मी भीती तिथंच विरली. उरलेली निम्मी लोक काय म्हणतील याची होती. तिच्यावर कायद्यात औषध नाही. ती हळूहळूच जाते.

भास्करांच्या मुलाचा फोन आला. तो रागावलेला नव्हता, गोंधळलेला होता. “बाबा, लग्नच कशाला? पुण्यात २०१२ पासून ज्येष्ठांचं लिव्ह इन रिलेशनशिप मंडळ आहे, अनेक जण तसे आनंदानं राहतात. कागद नाहीत, वारसाची भानगड नाही.” भास्करांनी फोन मंगलकडं दिला. ती म्हणाली, “बाळा, ज्यांना ते बरं वाटतं त्यांनी तसं राहावं. मला माझ्याच गावात, माझ्याच चारीवर राहायचंय. इथं उद्या बाबा आजारी पडले तर दवाखान्यात सही कोण करणार, हे लोकांना ठाऊक असायला हवं.” पलीकडं बराच वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, “तारीख कळवा.”

तारखेशीच गाडं अडलं. २०२४ च्या मे महिन्यात गुरू आणि शुक्र दोघांचाही अस्त होता, पंचांगात लग्नाचे नेहमीचे मुहूर्त नव्हते. ‘एवढी वर्षं थांबलात, दिवाळीनंतर बघा’ असं सांगणारे लगेच भेटले. म्हातारीनं त्यांना थांबवलं. “बेटात जाऊ,” ती म्हणाली.

कोपरगावचं बेट म्हणजे गोदावरीकाठचा जुना भाग. तिथं दैत्यगुरू शुक्राचार्यांचं मंदिर आहे, आणि कचेश्वराचंही. मेलेल्यांना उठवणारी संजीवनी विद्या शिकायला देवांनी कचाला शुक्राचार्यांकडं धाडलं, ती कथा इथलीच असं कोपरगावकर मानतात. शुक्राचार्यांची मुलगी देवयानी. तिनं आपलं मन कचाला स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. कचानं नकार दिला, दोघांनी एकमेकांना शाप दिले, ती कथा दुःखात संपली. पण आपल्या मनातलं आपण बोलावं, हे देवयानीला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. या मंदिराबद्दल तालुक्यात पिढ्यान्‌पिढ्या एक श्रद्धा आहे की इथं लग्नाला मुहूर्त पाहावा लागत नाही. शुक्राचा अस्त झाला की जगभरची लग्नं थांबोत, शुक्राच्या स्वतःच्या घरी अस्त कसला? वर्षातला कुठलाही दिवस इथं चालतो.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी अकराच्या उन्हात, तिथं मंगल आणि भास्करांचं लग्न लागलं. ती पन्नाशीची, ते अठ्ठावन्नच्या उंबरठ्यावर. मुलगी नातीला कडेवर घेऊन उभी होती. पुण्याहून मुलगा आला होता, थोडा आखडून, पण मुंडावळ्या त्यानंच बांधल्या. दीर लग्न लागेपर्यंत बाहेर थांबला, जेवायला मात्र आत आला. पहिल्या अक्षता म्हातारीनं टाकल्या. तिचा हात थरथरत होता, म्हणून निम्म्या स्वतःच्याच डोक्यावर पडल्या.

विवाह नोंदणीच्या अर्जाला दोन मृत्यूचे दाखले जोडावे लागले, एक मंगलच्या नवऱ्याचा, एक भास्करांच्या पत्नीचा. प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये ते दोन कागद लग्नाच्या फोटोच्या पाठीमागं लावले होते. अर्ज मंगलनं भरला, चष्मा भास्करांचा. दोघांनी आळीपाळीनं तो लावून सह्या केल्या.

त्या नोव्हेंबरमध्ये मंगल पुन्हा सेतू केंद्रात गेली. मुलानं सवयीनं विचारलं आणि बोट बटणाकडं नेलं.

“थांब,” ती म्हणाली. “झालाय. ‘हो’ दाब.”

मुलानं मान वर केली, हसला, आणि म्हणाला, “अभिनंदन, काकू.”

म्हातारी अजून आहे. नव्या जावयाला ती पाटकरीच म्हणते, आणि संध्याकाळी तिची सुपारी तेच कातरून देतात. भिंतीवर मंगलच्या पहिल्या नवऱ्याचा फोटो होता तिथंच आहे, शेजारी भास्करांच्या पत्नीचा लागला आहे. दोन्ही फोटोंना हार घालायचं काम कुणाचं, हे ठरलेलं नाही. जो आधी उठतो तो घालतो.

महर्षी धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवा असलेल्या गोदूबाईंशी लग्न केलं, तेव्हा त्यांच्या मुरूड गावानं त्यांच्यावर बहिष्कार टाकला. आज मंगलला कुणी वाळीत टाकलं नाही. कायदा तिच्या बाजूनं होता, शासनाचं परिपत्रक तिच्या बाजूनं होतं, ज्या सासूसाठी ती थांबली होती तीसुद्धा तिच्याच बाजूनं होती. तरीही तिला साडेतीन वर्षं लागली. ती वर्षं समाजानं खाल्ली नाहीत. घरच्यांना न विचारता त्यांच्या वतीनं तिनं स्वतःलाच जो नकार दिला होता, त्यानं ती खाल्ली.

या कथेचं तात्पर्य हेच आहे. माझी माणसं दुखावतील म्हणून मी थांबते, थांबतो, असं म्हणताना आपण त्याग करतोय असं वाटतं. खरं तर आपण आपल्या लाडक्या माणसांना अडसर करून ठेवतो. मुलांचं लग्न होईपर्यंत, नातवंडं होईपर्यंत, म्हातारी जाईपर्यंत, असं म्हणत गेलो की त्यांच्या आयुष्यातला प्रत्येक टप्पा आपल्या मोकळीकीचा दिवस होऊन बसतो, आणि शेवटी त्यांचं मरणही. एवढं ओझं त्यांनी मागितलेलं नसतं. पन्नाशीतलं प्रेम पहिल्या प्रेमाची जागा घेत नाही, ते आपली जागा घेऊन येतं. पण ते आपोआप घरात शिरत नाही, दार उघडून त्याला आत घ्यावं लागतं, आणि दिवसाढवळ्या. म्हणून मनात असं काही असेल तर घरातल्या माणसांना ती हयात असताना सांगावं. आणि आपल्या घरात कुणी मंगल, कुणी भास्कर असेल, तर त्यांनी विचारण्याआधीच त्यांना सांगावं की आमच्यासाठी थांबू नका. म्हातारीनं सांगितलं तसं, स्पष्ट आणि वेळेत.